शंभराला बारा

मिरजेत पाव विकायचा म्हणजे
बहुतेक आजाऱ्यांनाच विकायचा.
आमची भट्टी दवाखान्याच्या मागच्या फाटकासमोर.
पहाटे पाचला पहिलं गिऱ्हाईक येतं ते
हातात स्टीलचा डबा घेऊन,
सुट्टे मोजताना ओठ हलवत.
रात्रभर जागलेल्या माणसाला मी
हाताला लागेल तो पाव देत नाही,
मधल्या ओळीतला काढून देते.

शिवक्का जतकडची, संख का उमदी,
नवरा तिसऱ्या मजल्यावर.
आठव्या दिवशी तिनं पाव परत आणला,
अर्धा खाल्लेला.
"रागावू नगंस बाई, पर ह्यात कायच न्हाई.
कापूस चावल्यागत हुतंय.
भाकरीसंगं आमच्यात निदान डाळ तरी असती."

रागावले.
दोन दिवस ती दिसली की गल्ल्यात मान घालून बसले.
तिसऱ्या रात्री लोकवनच्या कणकेत
हरभऱ्याचं पीठ मिसळलं, निम्मं-निम्मं.

सकाळी निघाली ती वीट.
अब्बांनी उचलून दाराला लावली.
दिवसभर दार वाऱ्यानं आपटलं नाही.

"गव्हाला ताण असतो," अब्बा म्हणाले,
मध्ये खोकून (दमाही पिठानंच दिलेला),
"गोळा ओढलास की तोही तुला ओढतो.
डाळ नुसती बसून राहते, पाव्हण्यासारखी.
एका घरात किती पाव्हणे मावतात ते बघ आधी."

मग धाकट्याच्या गणिताच्या वहीची मागची पानं.
तीस: वरून फाटला.
वीस: फुगला, आणि मी फडकं उचलताच बसला.
पंधरा: दिसायला देखणा,
पण चावला की कच्च्या डाळीचा वास,
पावसात भिजलेल्या पोत्याचा.
तेव्हा डाळच आधी भाजली, मंद, लोखंडी कढईत,
शेजारच्या पोरी "काय चिवडा का?" विचारत आल्या तोवर.
गिरणीवाला म्हणाला, ज्वारी झाल्यावर लावतो तुझं.
दोनदा चाळलं. पाणी वाढवलं.
हे पीठ पाणी गुपचूप पितं,
दहा मिनिटांनी परत मागतं,
आणि देईपर्यंत हाताला चिकटून बसतं.
बारा.
वहीत बारावर गोल केला,
बाजूला थोडा गूळ, मीठ नेहमीचंच.

शेजारी मकबूल सतारीचे भोपळे निवडतो,
बोटाच्या पेरानं वाजवून, डोळे मिटून.
त्याच्याकडे नेला, फडक्यात, गरम.
उलटा करून बुडाशी टकटक केली त्यानं.
"ह्या कोपऱ्यात ओल आहे अजून."
कापला. होती.
दुसऱ्या घाण्याला पाच मिनिटं जास्त दिली.

त्या सकाळी चार पाव बाजूला ठेवले.
शिवक्का आली नाही.
दुपारी तिसऱ्या मजल्यावर गेले,
खाटेवर दुसराच माणूस, चादर नवी.
सिस्टर म्हणाली, "घरी नेलं त्यांना."
घरी नेलं. मिरजेत ह्याचे
दोन अर्थ होतात.
मी कुठला ते विचारलं नाही.
पाव त्या माणसाच्या उशाशी ठेवला,
तर त्यानं आधी विचारलं, "कितीला?"

आता रोज वीस-बावीस खपतात.
साखरवाले मागतात, पोरं नाक मुरडतात,
एका डॉक्टरीणबाईंनी घरी न्यायला सुरुवात केलीय.
जतकडचं कुणी आलं की बोलण्यावरून ओळखते,
तरी संखची शिवक्का माहिताय का
हे तोंडाशी येऊन राहतं.

अब्बा अजून म्हणतात, डाळीचं डाळीत, गव्हाचं गव्हात.
आणि चहात बुडवायला मात्र
कडेचा, जास्त भाजलेला तुकडा शोधतात.
काल मी भट्टीतून काढत होते,
ते स्टुलावरून उठले, एक उलटा केला,
पेरानं वाजवला, कान जवळ नेला.
खोकल्याची उबळ आली म्हणून थांबले,
परत वाजवला.
"आत ढकल," म्हणाले.